पुढच्या सीटची मापं

४ ऑक्टोबर

छोट्या,

फोनवर तू 'हॅलो' म्हणेपर्यंत माझा पारा चढतो आणि मी 'ऐक' म्हणेपर्यंत तुझा. म्हणून पत्र. कागद निदान मधेच आपटून ठेवता येत नाही.

आईच्या ऑपरेशनची तारीख मिळाली, तीस ऑक्टोबर. आमच्या सर्जनबाई त्यानंतर सहा महिने बाहेर शिकायला जाणार आहेत. सहा महिन्यांत आईच्या मांडीचा स्नायू एवढा वाळेल की गुडघा नवा बसवला तरी पाय उचलायला ताकद उरायची नाही. हे मी मुलगी म्हणून घाबरून लिहीत नाहीये, हाडांच्या वॉर्डातली सिस्टर म्हणून लिहितेय. तीस तारीख चुकली तर ती पुन्हा चालणार नाही, असंच धरून चाल.

अठ्ठावीसला सकाळी निघावं लागेल. रेल्वेने यायचं तर मधे गाडी बदला, पूल चढा. अँब्युलन्सचं नाव काढलं की आई म्हणते, 'मी अजून जिवंत आहे.' राहता राहिली कार. आठ तासांचा रस्ता. तू म्हणालास, दोन छोट्या गाड्या मिळतील, शेजारच्या चष्मेवाल्यांची पांढरी आणि मेस्त्रींची लाल. यातली कोणती? 'दोन्ही बऱ्या आहेत' असलं उत्तर मला चालणार नाही. इतकी वर्षं गाड्यांच्या सीटा भरून आणि शिवून पोट भरतोयस, तर एकदा आपल्या आईसाठी टेप काढ.

तिचा उजवा गुडघा जेमतेम तीस अंश वाकतो, हे लक्षात ठेव. म्हणजे पाय जवळजवळ सरळच राहणार. बसल्यावर गुडघा आणि डॅशबोर्ड यांत किती इंच राहतात, टाच पुढे कुठवर जाते, सीट जमिनीपासून किती उंच आहे, बसल्यावर किती दबते, सगळं कळव.

ही वेळ का आली ते तुला ठाऊक आहे. दीड वर्षापूर्वी माझ्याकडे येताना तू गाडी जरा सावकाश चालवली असतीस, तर आज ही मोजामोजी करावी लागली नसती. असो. हे पत्र मी आईच्या लाकडी पेटीवर ठेवून लिहितेय. तीच, जिचा कोपरा तुझ्या टेम्पोवाल्याने फोडला. त्या घरातून मी एकच वस्तू मागितली होती, तीही धड आली नाही.

ताई

८ ऑक्टोबर

ताई,

नमस्कार. तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. टेम्पोवाल्याचं तेवढं गाळलं.

मापं घेतली. रिकाम्या सीटचं माप खरं नसतं, माणूस बसला की सगळं बदलतं. आमच्या धंद्यात सीट दाबून मोजतात. आईचं वजन त्रेपन्न किलो, म्हणून पोत्यात त्रेपन्न किलो वाळू भरली, पोतं पुढच्या सीटवर बसवलं, त्याला पट्टाही लावला आणि अर्धा तास तसंच ठेवलं. चष्मेवाले दुकानातून बघत होते. शेवटी न राहवून बाहेर आले आणि पोत्याकडे बघत म्हणाले, 'पाहुणे कुठले?'

पांढरी गाडी उंच आहे. सीट जमिनीपासून बावीस इंच, त्यामुळे आईला वाकावं लागत नाही, नुसती टेकली की आत. छतही उंच. पण डॅशबोर्ड पोट सुटल्यासारखा पुढे आलाय. सीट पार मागे घेतली तरी गुडघ्यापुढे सातच इंच राहतात आणि सरळ पायाची टाच समोर टेकते. त्यात गादी फार मऊ. दहा मिनिटं छान वाटते, पण अर्ध्या तासात पोतं तीन इंच खचलं. कंबर खाली आणि गुडघे वर, असं आठ तास बसवलं तर आई मला शिव्या घालत उतरेल.

लाल गाडीची सीट कडक आहे, दीड इंचच दबली. सीटचा रूळ लांब. पार मागे घेतली तर गुडघ्यापुढे चांगले अकरा इंच, टाचेलाही मोकळी जागा. पण गाडी बसकी. सीट जमिनीपासून सतराच इंच, म्हणजे बसताना आईला खाली जावं लागणार आणि तेच तर तिला जमत नाही. शिवाय पुढची सीट एवढी मागे नेल्यावर तिच्या पाठीमागे चार इंच उरतात. तिथे माणूस बसू शकत नाही, फार तर छत्री ठेवता येईल.

एकीत शिरता येतं पण बसवत नाही, दुसरीत बसवतं पण शिरता येत नाही. माझं घोडं इथे अडलंय.

आणखी एक. आई पुढे बसायला तयार नाही. तेव्हापासून तिला पुढच्या सीटची धास्ती आहे. तर पांढऱ्या गाडीत मागच्या सीटवर आडवी, पाय लांब करून बसवली तर? मागची सीट रुंद आहे, मावते ती.

छोट्या

११ ऑक्टोबर

छोट्या,

मागे आडवी अजिबात नाही. आडव्या माणसाला पट्टा लावता येत नाही. एकदा करकचून ब्रेक लागला की ती दोन सीटांच्या मधे पडेल. अशी माणसं आमच्याकडे आठवड्याला दोन येतात. आई पुढेच बसेल, पट्टा लावून. धास्ती असेल तर तिची समजूत काढ. दीड वर्षात तुला तेवढंही जमलं नाही का?

की तिला पाठवायचंच तुझ्या मनात नाही? खरं सांग. ती इथे आली, बरी झाली आणि माझ्याकडेच राहिली तर लोक काय म्हणतील, ही भीती आहे का तुला?

मापं मात्र चांगली घेतलीस. पोत्याचं वाचून वॉर्डात मी एकटीच हसले. आता त्याच कागदावर तिसरा रकाना काढ. आपली जुनी गाडी अजून तुझ्या दुकानामागे ताडपत्रीखाली पडून आहे, असं आई म्हणाली होती. तिचीही मापं घे. लाल गाडी त्याच कंपनीची, डॅशबोर्डही तसाच असणार. तेव्हा गुडघ्यापुढे किती जागा होती आणि तरी तो कसा आपटला, हे कळल्याशिवाय लाल गाडीतले अकरा इंच पुरेसे आहेत की नाहीत, हे मी कशावरून ठरवू?

सतरा दिवस उरलेत. उलट टपाली लिही.

ताई

१५ ऑक्टोबर

ताई,

तुला उलट टपाली उत्तर हवं होतं, पण ताडपत्री काढायलाच मला दोन दिवस लागले. हाताला काम होतं म्हणून नाही. गाडीजवळ जायचो, दोरीची गाठ चाचपायचो आणि दुकानात परत यायचो.

लिहितो. जुन्या गाडीत सीट पार मागे असताना गुडघ्यापुढे नऊ इंच. सीट जमिनीपासून एकोणीस इंच. गाडी पुढे चिंचोळी, मागे ऐसपैस. सीट मागे घेतली तरी पाठीमागे अकरा इंच उरायचे. अर्थात त्यात सोळा इंचांची वस्तू मावली नसती, पण माणूस आरामात बसायचा.

आता तुला जे कधी सांगितलं नाही ते सांगतो. अपघाताच्या आदल्या आठवड्यात ती सीट मी नव्याने भरली होती. आई म्हणायची पाठ दुखते, म्हणून पाठीला दोन इंचांचा जास्तीचा फोम घातला. वर तपकिरी रेक्झिन, दुहेरी शिवण, माझ्या हातचं सगळ्यात देखणं काम. पाठीला फोम वाढवला की माणूस तेवढाच पुढे सरकतो, हे नवशिक्यालाही कळतं. मला कळलं नाही. मी आईला दोन इंच डॅशबोर्डजवळ नेऊन बसवलं. त्यानंतर मी कुणाच्याही सीटच्या पाठीला जास्तीचा फोम घातलेला नाही. गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी नाही म्हणतो.

आणि मी पस्तीसच्या वर नव्हतो ताई. सायकलवाला गल्लीतून एकदम आडवा आला. ब्रेक मारला, गाडी भिंतीवर गेली. हे मी तेव्हाही सांगितलं होतं.

तिला पाठवायचं नाही म्हणतेस. मी दुकानात भिंतीवर तारखा खोडतो, तुझ्यासारखाच.

छोट्या

१८ ऑक्टोबर

छोट्या,

तुझं पत्र चारदा वाचलं. फोमचं वाचून पहिल्यांदा रडू आलं, मग मी आकडेमोड केली आणि रडू थांबलं.

नऊ इंचांतून तुझा दोन इंच फोम गेला. उरले सात. पस्तीसच्या वेगात, पट्टा लावलेला असताना सात इंचांवरून गुडघ्याचा असा चुरा होत नाही. मी रोज बघते. आणि दुसरं म्हणजे, दवाखान्यात आणली त्या दिवशी गुंगीत आई मला म्हणाली होती, 'दोनच बोटं अंतर होतं गं मधे.' मला तेव्हा वाटलं, औषधाचा अंमल आहे. आज वाटत नाही.

मधले पाच इंच कुठे गेले?

सीट पुढे ओढलेली होती. होय ना? मागे काहीतरी ठेवलं होतंस. सोळा इंचांची वस्तू मावली नसती असं तुझ्या पत्रात आहे. पंधरा नाही, वीस नाही, सोळा. हा आकडा तुझ्या डोक्यात आला कुठून? कुणा गिऱ्हाइकाचा फोमचा गठ्ठा जाता जाता पोचवायचा होता का? आईला माझ्याकडे आणताना वाटेत धंदाही उरकायचा होता? आणि त्यासाठी सीट पुढे ओढून तिला खुराड्यात कोंबल्यासारखी कोंबलीस?

दीड वर्षं तू माझ्याशी आडपडदा ठेवलास. मला सरळ उत्तर हवंय. नसेल द्यायचं तर मी इथून ड्रायव्हर पाठवते. तो अठ्ठावीसला येईल, मेस्त्रींच्या लाल गाडीतून आईला घेऊन निघेल आणि मग ती परत येणार नाही. तू यायची गरज नाही.

ताई

२१ ऑक्टोबर

ताई,

हो. गिऱ्हाइकाचा माल होता. फोमचा गठ्ठा, सोळा इंचांचा. डिकीत मावला नाही म्हणून मागे ठेवला आणि सीट पाच इंच पुढे ओढली. चूक सगळी माझी.

ड्रायव्हर पाठव. मेस्त्रींशी बोलून ठेवलंय. गाडी धुऊन, हवा भरून दारात उभी असेल. सीट पार मागे. तिची औषधं वेगळ्या पिशवीत, एक्स-रे वेगळे.

बसताना तिला उजव्या काखेत हात द्यायला सांग. डावीकडून धरलेलं तिला आवडत नाही.

छोट्या

२१ ऑक्टोबर

बाळ,

मी आई. कंपवाताचे हात नाहीत माझे, गुडघाच तेवढा गेलाय, तरी पत्र लिहून वर्षं झाली म्हणून अक्षर असं.

छोट्या पोस्टात गेलाय. जाताना डोळे पुसत होता आणि मला म्हणतो, फोमची धूळ गेली. त्याने तुला काय लिहिलं ते मी वाचलेलं नाही, पण तोंडावरून कळलं. त्याने खोटं लिहिलंय. लहानपणी तू फोडलेल्या काचेपायी तो मार खाऊन आला होता, तेव्हाही त्याचं तोंड असंच होतं.

आधी हे ऐक. पुढच्या सीटची धास्ती मला नाही. मी आज बसायला तयार आहे. धास्ती त्याला आहे. त्या दिवसापासून त्याने स्टिअरिंगला हात लावलेला नाही. गाड्यांच्या सीटा दिवसभर शिवतो, पण स्वतः चालत दुकानात जातो. माझ्या नावावर सांगतो, कारण स्वतःचं सांगायची लाज वाटते.

मी परवा मेस्त्रींच्या गाडीत बसून बघितली. शिरताना जीव गेला, पण बसल्यावर पाय सुखाने पसरला. त्याने आधी सीटवर फळकूट टाकून उंची वाढवून बघितली, मग काढलं. म्हणाला, खालून दोन इंच कडक फोम घातला तर तू सहज बसशील, छतही डोक्याला लागणार नाही. पण हात धजत नाही म्हणतो. ताईला विचारायला हवं म्हणतो.

आता मुख्य. दीड वर्षापूर्वी मीच त्याला माझी शपथ घालून एक गोष्ट तुला सांगायची नाही असं बजावलं होतं. तू दिवसभर मोडलेल्या माणसांत उभी असतेस, तुला आणखी ओझं कशाला, असं तेव्हा वाटलं. मला काय ठाऊक, की ते ओझं तू त्याच्या डोक्यावर ठेवून मोकळी होशील. माझं चुकलं. शपथ मी मोडत नाही, तोही मोडणार नाही. पण मापं काय फक्त त्यानेच घ्यायची? टेप तुझ्याकडेही असेल. ज्याच्यावर कागद ठेवून तू आम्हाला पत्रं लिहितेस, ते मोज. आणि फुटलेला कोपरा नीट उजेडात बघ.

जेवत जा वेळेवर.

आई

२४ ऑक्टोबर

छोट्या,

पेटी मोजली. तीनदा मोजली. रुंदी सोळा इंच.

मग उचलून खिडकीपाशी नेली. फुटलेल्या कोपऱ्याच्या पितळी पट्टीखाली चिमूटभर तपकिरी रेक्झिन अडकलंय, त्याला दुहेरी शिवणीचा दोरा लोंबतोय. दीड वर्षं मी त्या कोपऱ्यावरून फडकं फिरवतेय आणि टेम्पोवाल्याच्या नावाने बोटं मोडतेय. टेम्पो नव्हताच.

त्या सकाळी मी फोनवर काय बोलले होते ते मला शब्दन् शब्द आठवतंय. 'घर तुला, दुकान तुला, मला निदान ती पेटी तरी. आजच हवी. पेटी आणणार नसशील तर आईलाही आणू नकोस.' तू म्हणालास, गाडीत मावत नाही, टेम्पोने पाठवतो. मी म्हणाले, टेम्पोवाले आपटतात. आणि फोन ठेवून दिला.

नऊ वजा दोन वजा पाच. उरले दोन. आईची दोन बोटं. दोन इंच तुझे होते छोट्या, आणि ते तू तिची पाठ दुखू नये म्हणून घातले होतेस. पाच माझे होते आणि ते मी हट्टाने घातले. तू तुझे दोन कबूल केलेस आणि वर माझे पाचही स्वतःच्या नावावर घेतलेस, गिऱ्हाइकाचा माल म्हणून. आणि मी तुला काय काय लिहिलं! वॉर्डात आलेल्या परक्या माणसालाही मी विचारते, 'कसं झालं?' तुला विचारलं ते एवढंच, 'किती वेगात होतास?'

माफ कर, हे कागदावर फार छोटं दिसतं. समोर येऊन म्हणेन. आईने शपथ मोडलेली नाही, तिच्यावर चिडू नकोस. काच फोडल्याचं तिला माहीत होतं, हे मात्र मला आजच कळलं.

आता कामाचं. मी ड्रायव्हरला नको म्हणून कळवलंय. लाल गाडीच घ्यायची. सीटच्या खालून दोन इंच कडक फोम घाल, अगदी निर्धास्त घाल, मी सांगते म्हणून घाल. पाठीला हात लावू नकोस. फोम घातल्यावर तुझं ते वाळूचं पोतं पुन्हा बसव, दबून किती उरतं ते बघ आणि मग आईला एकदा बसवून, उतरवून बघ. उजव्या काखेत हात देऊन.

गाडी तू चालवायचीस. हे पत्र उद्या तुझ्या हातात पडेल, तिथून अठ्ठावीसपर्यंत तीन दिवस आहेत. मेस्त्रींकडून आजच चावी घे आणि रिकाम्या रस्त्यावर फेरी मार. हात थरथरतील. थरथरू देत, आमच्याकडे अपघातानंतर पहिल्यांदा उभं राहताना सगळ्यांचे पाय थरथरतात. पहिल्या दिवशी चार पावलं, दुसऱ्या दिवशी दहा. तूही तसंच कर. पस्तीसने चालव, तिसाने चालव, आठाचे दहा तास लागले तरी चालतील.

मी रजा टाकलीय. सत्तावीसला दुपारच्या गाडीने घरी येते. तिघं मिळून निघू. आईची पिशवी, एक्स-रे, सगळं डिकीत. मागच्या सीटवर काहीही ठेवायचं नाही. तुझ्या मागे जागा जास्त आहे, मला ठाऊक आहे, पण मी तिथे बसणार नाही. आईची सीट पार मागे घे, रुळाच्या शेवटच्या खाचेपर्यंत. तिच्या पाठीमागे चार इंच उरतात आणि तिथे माणूस बसू शकत नाही, असं तू लिहिलंस. पेटी होती तिथे, आईच्या मागेच मी बसेन. माझे गुडघे वाकतात.

ताई